बारा व्होल्टची डोंबिवली फास्ट

घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मामेभावाने लेकाच्या वाढदिवसाच्या नावाखाली स्वतःसाठीच स्लॉट कारचा सेट घेतला. लेक पाच मिनिटांत मोबाइलकडे वळला. दादा मात्र मध्यरात्रीपर्यंत हॉलमध्ये मांडी ठोकून! तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. ‘‘काय गं, तू लिहितेस ना असल्या गोष्टींवर? गाडी चांगलीये की मी गंडलोय, एवढंच सांग.’’

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी फंडा सोपा. प्लॅस्टिकच्या ट्रॅकला मधोमध खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांत बारा-पंधरा व्होल्टचा करंट. गाडीच्या पोटाखालचं पातं खाचेत बसतं आणि तांब्याच्या तारांच्या दोन इवल्या वेण्या पट्ट्यांवरून करंट उचलतात. तुमच्या हातात फक्त एक ट्रिगर. स्टिअरिंग नाही, ब्रेकचं पेडल नाही. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रजाने १९५७ मध्ये ‘स्कॅलेक्स्ट्रिक’ बाजारात आणलं, तेव्हापासून खेळ मुळात हाच. वळणावर ट्रिगर किती सोडायचा, बस्स.

दादाची गाडी रेसिंग जीटी, १/३२ स्केलची, वीतभरही नाही. दिसायला सॉलिड. दारावरची नखाएवढी अक्षरंही वाचता येतात, आत ड्रायव्हरच्या हातमोज्यांना शिवण आहे. चकचकीत टाइल्सवर ट्रॅक मांडला आणि मी ट्रिगर पूर्ण दाबला. गाडी गेली. वळणावरही गेली. पुढच्या वळणावरही. मीटरभराला सेकंदाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. ३२ ने गुणा, साडेतीनशेच्या वर! पण दहा फेऱ्यांनंतर मला चक्क जांभई आली. आणि अकराव्या फेरीत काहीही न सांगता-सवरता गाडी उडून सोफ्याखाली.

‘‘हेच!’’ दादा म्हणाला. ‘‘एक तर सुटतच नाही, नाही तर थेट सोफ्याखाली.’’

मला डोंबिवलीचे काका आठवले. कॉलेजमधल्या मैत्रिणीचे बाबा. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्यांच्या पलंगाखालून प्लायवुडची दोन पानं निघतात, त्यावर भावाने ऐंशीच्या दशकात इंग्लंडहून आणलेला इंग्रजी आठच्या आकाराचा ट्रॅक स्क्रूने ठोकलेला. आठच का? आतली लेन छोटी पडू नये म्हणून. वर्तुळ असेल तर आतल्याचा कायमचा फायदा, आठमध्ये हिशेब चुकता.

गाडी स्टीलच्या डब्यात घातली आणि ठाण्याहून स्लो पकडली. लोकल म्हणजे तरी काय, मोठी स्लॉट कारच! फक्त करंट वरून. मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर २०१५ पर्यंत १५०० व्होल्ट डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी आला, एवढाच काय तो बदल. मुंब्र्याच्या वळणावर डबा कलला आणि माझा विनोद तिथेच संपला. इथेच ९ जून २०२५ ला दारात लटकलेली माणसं खाली पडली, जीव गेले. मी आत सरकून उभी राहिले.

टिळकनगरात काकांनी गाडी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उलटी करून पाहिली. वरच्या त्या सुंदर अक्षरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

‘‘अगं, ही गाडी कुठे चाललीये? हिला चिकटवलंय.’’

मागच्या चाकांपुढे एक चपटा मॅग्नेट होता. तो ट्रॅकच्या पट्ट्यांना खेचून धरतो, म्हणून वळणावर गाडी घसरत नाही. पण मॅग्नेट एकदा पट्टीपासून किंचित उचलला गेला की ओढ झपकन संपते. मधली पायरीच नाही. काकांनी तो नखाने उचकटून काढला. ‘‘आता चालव.’’

पहिल्याच वळणावर शेपूट बाहेर, गाडी आडवी. स्टॉपवॉच लावून दहा फेऱ्या केल्या. मॅग्नेटसह ४२ सेकंद लागले होते, आता ६७. मग टूलरूम सुरू झाली. मागची टायर्स गोल दिसतात पण नसतात. ट्रॅकवर पॉलिश पेपर चिकटवून गाडी अर्ध्या वेगात त्यावर फिरवत ठेवली, रबराची काळी भुकटी पडली. वेण्यांची टोकं पिंजून पसरवली. पुढे पात्यामागे शिशाचा मटाराएवढा तुकडा चिकटवला, म्हणजे नाक खाचेत दबून राहील. बॉडीचे स्क्रू अर्धा आटा सैल केले. हे मला अजिबात पटेना.

‘‘सैल असू दे. बॉडी जराशी हलली की धक्का ती खाते, चाकं खात नाहीत.’’

पावसाळी हवेने काळवंडलेल्या पट्ट्या शाळेच्या खोडरबरने पुसल्या. पुन्हा दहा फेऱ्या, ४९ सेकंद. मॅग्नेटपेक्षा हळूच, पण आता शेपूट सुटण्याआधी कळत होतं. मोटारीचा आवाज बदलतो, मागचं चाक पांढऱ्या रेघेकडे सरकतं, बोट आपोआप सैल होतं. दीड तास कसा गेला कळलं नाही. मैत्रीण तीनदा चहा घेऊन आली, तिसऱ्यांदा नुसती बघत उभी राहिली.

‘‘खेळून घ्या,’’ ती म्हणाली. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये. पुढच्या महिन्यात खोल्या रिकाम्या करायच्या आणि भाड्याची जागा वन रूम किचन. पलंग जाईल, त्याखालची पानं कशी जाणार? काका काहीच बोलले नाहीत. खोडरबर पुन्हा पट्टीवर फिरवत राहिले.

तोडगा आत्याने काढला. कल्याणला पारनाक्याजवळ तिचं जुनं घर आहे, माजघर निम्मं रिकामंच. दोन रविवारांनी छोट्या टेम्पोत दोन पानं, एक पलंग, काका आणि मी. पत्री पुलावर नेहमीसारखा जाम. जुना पूल २०१८ मध्ये पाडला, नवा २०२१ मध्ये आला, पण आम्हाला अर्धा तास लागायचा तो लागलाच. काका मागे पानांना धरून बसलेले.

माजघरात शहाबादी फरशी, अर्थातच उंचसखल. पानांखाली वर्तमानपत्राच्या घड्या घालूनही सांध्यावर एक उंचवटा उरला. तिथे माझा जीव वर-खाली. पण गाडी हलली, सैल बॉडी खुळखुळली आणि चाकं खाली टेकलेलीच. माझे मार्क मी तिथेच ठरवले. रूपाला साडेआठ, डब्यातून काढल्या काढल्या हाताळणीला चार, टूलरूमनंतर आठ. अर्धा मार्क आरशांचा कापलाय. ते मी पहिल्याच उडीत सोफ्याखाली हरवले.

दादा संध्याकाळी लेकाला घेऊन आला. ट्रिगर पूर्ण दाबला आणि पहिल्याच वळणावर गाडी आत्याच्या तांदळाच्या डब्यावर आपटली. लेक खदखदून हसला आणि मोबाइल खिशात टाकून फतकल मारून बसला. ‘‘बाबा, आता मी.’’

‘‘मॅग्नेट कुठाय?’’ दादाने मला दबक्या आवाजात विचारलं.

काकांनी हनुवटीने स्वयंपाकघराकडे खूण केली. फ्रिजच्या दारावर तो आत्याचं लाइटबिल घट्ट धरून होता.