तिघांचा डाव, एकाचा नियम

सप्तव्यसनांची यादी पाठशाळेतल्या लहानग्यालाही तोंडपाठ असते आणि त्या यादीत पहिले नाव द्यूताचे आहे. मद्य, मांस, चोरी ही सारी त्याच्या मागून येतात. द्यूताचा दाखला म्हणून आचार्यांनी एखादा गल्लीतला जुगारी निवडला नाही, प्रत्यक्ष धर्मराज युधिष्ठिर निवडला. सज्जन माणूसही फाशापुढे बसला की राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लावतो, हे त्या दाखल्याचे बळ. त्यामुळे अनेक जैन घरांत पत्त्यांकडे आजही जरा तिरप्या नजरेने पाहिले जाते. मे महिन्याच्या सुट्टीत मुले बदाम सात किंवा मेंढीकोट खेळतात, थोरले दुर्लक्ष करतात. पण उपाश्रयातून महाराजसाहेब गोचरीला येण्याची वेळ झाली की कॅट आधी उशीखाली जातो.

जव्हार तालुक्यातील जामसर येथे किराणा दुकान चालवणाऱ्या अशाच एका कुटुंबातला मुलगा इंजिनिअरिंगसाठी मुंबईला गेला आणि समाजाच्या वसतिगृहात राहू लागला. जामसर हे आदिवासी पट्ट्यातले गाव. वारली आणि कोकणा शेतकऱ्यांची नागली, वरई, खुरासणी यांवर दुकानाचे वर्ष अवलंबून. दिवाळी उलटली की निम्मे गिऱ्हाईक वीटभट्ट्यांवर कामाला निघून जाते आणि उधारीची वही पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा उघडते. अशा दुकानात वाढलेल्या मुलाला दोन गोष्टी आपोआप येतात: हिशेब लिहून ठेवणे आणि समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे. या मुलाने बाराव्या वर्षी, एका चातुर्मासात, दादीच्या शेजारी बसून द्यूतत्यागाचा नियम घेतला होता. त्या वयात नियम घेणे सोपे असते. जामसरला द्यूत खेळायचे म्हटले तरी कोणाशी खेळणार?

वसतिगृहात त्याला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ भेटला. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि 1993 साली तो बाजारात आला. बावन्न पानांच्या कॅटात दोन्ही खेळाडू एकाच गठ्ठ्यातून खेळतात. इथे प्रत्येकजण आपला गठ्ठा घरून बांधून आणतो. हजारो निरनिराळ्या पानांतून किमान साठ पानांचा संच निवडायचा, मूळ ‘भूमी’ची पाने सोडली तर एकाच नावाची चारपेक्षा जास्त पाने घ्यायची नाहीत, प्रत्येकाने वीस गुणांच्या आयुष्याने सुरुवात करायची आणि प्रतिस्पर्ध्याचे आयुष्य शून्यावर आणायचे. भूमीच्या पानांतून बळ मिळते, त्या बळावर योद्धे आणि मंत्र खेळता येतात. नियमपुस्तक एखाद्या बँकेच्या परिपत्रकांच्या फायलीइतके जाडजूड आहे आणि मुले ते परिपत्रकांपेक्षा कितीतरी अधिक आवडीने वाचतात.

सुट्टीत त्याने तो गठ्ठा जामसरला आणला. दुकान वाढवल्यावर दादीने पाने हातात घेऊन पाहिली, चित्रांची तारीफ केली आणि विचारले, “ही मिळतात कुठे?” मुलाने सांगितले की बंद पाकिटे मिळतात. आत कोणती पाने निघतील ते आधी कळत नाही. बहुतेक साधी असतात, एखादे दुर्मीळ निघते. दादी क्षणभर थांबली. “म्हणजे पैसे आधी द्यायचे आणि नशिबात काय आहे ते नंतर पाहायचे. मग हे द्यूत नाही तर काय?”

प्रश्न अडाणी नव्हता. कायद्याच्या पुस्तकातही रेषा थोडीफार इथेच ओढलेली आहे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले आणि 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीच्या प्रकरणात, पाने लक्षात ठेवणे आणि धरणे-टाकणे यांत कौशल्याचाच मोठा वाटा आहे, असे म्हटले. पण न्यायालयापुढे प्रश्न खेळण्याचा होता. दादीचा आक्षेप खेळण्याला नव्हताच, तो खरेदीला होता. टेबलावर कौशल्य असेलही. पाकीट फोडताना कोणते कौशल्य लागते? शिवाय त्या फोडण्यामागे लोभ दडलेला असतो हेही खरे. या खेळातील सर्वात प्रसिद्ध पान ‘ब्लॅक लोटस’. त्याची एक उत्तम स्थितीतली प्रत 2021 च्या जानेवारीत लिलावात 5,11,100 डॉलरला गेली. जिथे पुठ्ठ्याच्या तुकड्याला असा भाव येतो, तिथे पाकीट फोडणाऱ्याचे बोट थरथरणारच.

मुलाने दादीशी वाद घातला नाही. त्याने आपल्यापुरता तोडगा काढला: पाकीट घ्यायचे नाही, हवे ते पान नाव पाहून, भाव विचारून, सुटे विकत घ्यायचे. दुकानदाराच्या मुलाला हा व्यवहार समजण्यासारखा होता. वजन करून घेतलेली साखर आणि सोडतीत निघालेली साखर या दोन निराळ्या वस्तू आहेत. या खेळात ‘पॉपर’ नावाचा एक प्रकार आहे. पॉपर म्हणजे निर्धन. ‘सामान्य’ दर्जात छापली गेलेली पानेच त्यात चालतात आणि त्यामुळे मोठ्या पैशाचे तिथे फारसे चालत नाही. 2019 पासून त्याला कंपनीची अधिकृत मान्यताही आहे. मुलाने तोच प्रकार धरला.

पुढे वसतिगृहातल्या तिघांनी मिळून मुंबईच्या एका उपनगरात भरलेल्या सांघिक स्पर्धेत नाव घातले. सांघिक पत्ते म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ब्रिज येतो. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या साठीच्या आसपासच्या जोडीने सुवर्ण आणले आणि भारताच्या पुरुष व मिश्र संघांनी कांस्य. मिश्र संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. सांघिक ब्रिजची खुबी अशी की एका टेबलावर जी पाने वाटली जातात, तीच पाने दुसऱ्या टेबलावरही खेळली जातात. एका संघाची एक जोडी इथे उत्तर-दक्षिण बसते, दुसरी तिथे पूर्व-पश्चिम, आणि शेवटी दोन्ही टेबलांची तुलना होते. चांगला हात आला म्हणून कोणी जिंकत नाही, कारण तोच हात प्रतिस्पर्ध्याच्या भिडूंनाही मिळालेला असतो. द्यूतातला दैवाचा काटा याहून नेमका कोणी काढला असेल असे वाटत नाही.

मॅजिकमध्ये ती सोय नाही. तिथे तीन भिडू एका ओळीत बसतात, समोर तीन प्रतिस्पर्धी. तीन स्वतंत्र लढती चालतात, तिघांपैकी दोघे जिंकले की संघ जिंकला. भिडूंनी एकमेकांशी बोलायला, सल्ला द्यायला पूर्ण मुभा. आणि या स्पर्धेत संयुक्त संचाचा नियम होता. मूळ भूमी सोडून कोणतेही पान तिघांपैकी एकाच्याच गठ्ठ्यात असू शकते. इथे खरी कसोटी लागते. ‘लाइटनिंग बोल्ट’ हे 1993 पासूनचे लाल रंगाचे पान, अगदी कमी बळात तीन गुणांचा घाव घालणारे. तिघांपैकी दोघांना ते हवे होते. दोन रात्री वाटाघाटी झाल्या. अविभक्त कुटुंबाच्या वाटण्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना त्या रात्री कशा गेल्या असतील ते सांगायला नको. अखेर बोल्टची चारही पाने जामसरच्या मुलाकडे आली. त्याचा गठ्ठा थेट घाव घालून लवकर संपवण्याचा होता, त्याच्याविना तो उभाच राहत नव्हता. ज्याने ती सोडली त्याने आपला संच मोडून नव्याने बांधला, त्यासाठी परीक्षेआधीचा एक आठवडा दिला आणि एका वहीत लिहून ठेवले: बोल्ट चार, उसने.

स्पर्धेत बारा संघ होते. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. चार फेऱ्यांनंतर पहिले चार संघ बाद फेरीत. तिसऱ्या फेरीअखेर या तिघांचे सहा गुण होते. चौथ्या फेरीत समोर आलेल्या संघाचेही सहाच. गुणतक्ता पाहता जिंकणारा आत जाणार होता. बरोबरी झाली तर सात-सात गुणांवर दोघेही बाहेर.

डावीकडचा भिडू जिंकला. उजवीकडचा, बोल्ट सोडणारा, हरला. मधल्या जागेवर जामसरचा मुलगा होता आणि तिथे एक-एक डाव झाला होता. तिसऱ्या डावात समोरच्याचे आयुष्य तीनवर आले आणि मुलाच्या हातात एक बोल्ट होता, नेमका तीन गुणांचा. पण समोर निळ्या रंगाच्या दोन भूमी मोकळ्या होत्या. दोन निळ्या भूमींत ‘काउंटरस्पेल’ बसतो, म्हणजे टाकलेला मंत्र हवेतच विरतो. डावा भिडू म्हणाला, थांब, दुसरा बोल्ट येऊ दे, एक अडला तर दुसरा लागेल. उजवा म्हणाला, टाक. मुलगा थांबला. दुसरा बोल्ट आला नाही. समोरचे योद्धे मात्र वाढत गेले आणि मुलाचे आयुष्य दोनवर उतरले. तेवढ्यात पन्नास मिनिटांची वेळ संपली, ठरलेल्या जादा पाळ्याही संपल्या. शेवटच्या पाळीत टाकलेला बोल्ट अपेक्षेप्रमाणे अडवला गेला. डाव अपुरा, लढत बरोबरीत, संघाची फेरीही बरोबरीत.

दोन्ही बाजूंची सहा डोकी एकाच वेळी हिशेब करू लागली. सात गुणांत कोणालाच काही मिळत नव्हते. समोरच्या एका मुलाने टेबलावरचा फासा उचलला. या खेळात फासे सगळ्याच टेबलांवर असतात, योद्ध्यांचे बळ मोजायला आणि पहिली पाळी कोणाची हे ठरवायला. तो हलक्या आवाजात म्हणाला, “मोठा आकडा ज्याचा, तो जिंकला असे लिहू. निदान एक तरी संघ आत जाईल.” त्याच्या मनात लबाडी नव्हती. डाव्या भिडूची मान होकारार्थी हललीही होती.

“फासा नको,” मुलगा म्हणाला. “माझा नियम आहे.”

खेळाच्या नियमांतही याला मनाई आहे, हे त्याला ठाऊक होते. निकाल खेळाबाहेरच्या रीतीने, फाशाने किंवा नाण्याने, ठरवायचा नाही आणि पैज लावायची नाही, असे त्या जाडजूड पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. पंच दोन टेबलांपलीकडे उभे होते. पण त्याने पंचांचे नाव घेतले नाही. पहिली पाळी ठरवायला तो सकाळपासून फासा टाकतच होता. त्यात काही पणाला लागत नाही, क्रिकेटच्या नाणेफेकीसारखे ते, असे त्याने आधीच मनाशी ठरवले होते. इथे मात्र फाशावर अख्खी फेरी लागली होती.

“तुझा नियम आणि घरी जायचे आम्ही?” उजवा भिडू म्हणाला. हे बोलणे टाकून देण्यासारखे नाही. व्रत ज्याने घेतले त्याने त्याची किंमत मोजावी, हे ठीक. पण भागीदारीत एकाच्या व्रताची किंमत तिघांच्या खात्यावर पडते. भागीदारीच्या पेढीत एक भागीदार व्याजाचा धंदा वर्ज्य मानणारा असला तर करारनाम्यात ते आधी लिहावे लागते. या तिघांत फक्त बोल्टची नोंद झाली होती.

एक वाट उरत होती. या खेळात कोणताही खेळाडू निकाल नोंदवला जाण्याआधी आपली लढत सोडून देऊ शकतो. अट एवढीच की त्या बदल्यात काही मागायचे वा घ्यायचे नाही. सौद्याला बंदी, दानाला नाही. मधली लढत मुलाची होती, सोडण्याचा अधिकार एकट्याचा होता. त्याने तो परस्पर वापरला नाही. भिडूंकडे वळून तो म्हणाला, “आणखी एक पाळी मिळाली असती तर मी हरलो असतो. त्यांना देऊन टाकू.”

“पण मिळाली नाही ना पाळी,” उजवा म्हणाला. डावा काही वेळ पटाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “दे.” उजव्याने पाने गोळा करायला घेतली. “तुला हवे ते कर.” याला संमती म्हणायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुलाने ती संमती मानली आणि निकालाच्या चिठ्ठीवर स्वतःचा पराभव लिहिला. समोरचे तिघे बाद फेरीत गेले आणि पहिल्याच लढतीत हरले.

लोकलमध्ये कोणी बोलले नाही. वसतिगृहावर पोचल्यावर मुलाने चार बोल्ट मोजून परत केले आणि वहीतली नोंद खोडली. सुट्टीत जामसरला गेल्यावर त्याने सगळे दादीला सांगितले. तिने फाशाचे ऐकून घेतले, शाबासकी दिली नाही. “आणि तो मुलगा, ज्याने पाने दिली होती? तो बोलतो का अजून तुझ्याशी?” एवढेच विचारले. बोलत नव्हता. तीन आठवडे झाले होते.

पुढच्या सत्रात पुन्हा स्पर्धा जाहीर झाली तेव्हा तोच आपण होऊन खोलीवर आला. हातात तीच वही होती. “खेळायचे तर तिघांनीच,” तो म्हणाला, “पण तुझे आणखी काय काय नियम आहेत ते आधी सांग, म्हणजे लिहून ठेवतो.” मुलाने आठवून सांगितले: बंद पाकिटे बक्षीस मिळाली तर माझा वाटा तुम्ही दोघांनी घ्या. निकालासाठी फासा नाही. आणि चातुर्मासात चौविहार असतो, तेव्हा संध्याकाळची फेरी लांबली तर मला सूर्यास्ताआधी दहा मिनिटे जेवायला सोडा. भिडूने तिन्ही ओळी लिहिल्या, तिसरीखाली स्पर्धेच्या तारखेचा सूर्यास्त मोबाइलवर पाहून टिपला आणि त्याच पानाच्या वर लिहिले: बोल्ट चार, उसने.