पोत्यांचा हिशेब आणि दिवसांचा हिशेब



चांदवडला नोकरी करणारा विस्तार अधिकारी भातावर लिहितो आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. आपला तालुका बाजरीचा, मक्याचा, कांद्याचा. रेणुकामातेच्या डोंगरावर उभे राहिले तरी भाताचे खाचर काही दृष्टीस पडत नाही. पण माझे मूळ घर इगतपुरीकडचे. आणि दुसरे असे, की मार्गशीर्ष-पौषात आपल्या उन्हाळ कांद्याच्या लागवडीला पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडून जी माणसे येतात, ती आपल्या घरी भाताची शेतकरीच असतात. त्यांच्याकडे पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो. पण भात निघाले की बहुतेकांच्या जमिनीला पाणी उरत नाही आणि ती दुसऱ्याच्या बांधावर येतात. त्यांच्या भाताच्या हिशेबात आपल्याला घेण्याजोगे पुष्कळ आहे.

लहान शेतकऱ्याची उत्पादनक्षमता कमी, असे शहाणी माणसे नेहमी बोलतात. पण क्षमता म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. समजा, दोघा शेजाऱ्यांचे वीस-वीस गुंठे भात आहे. एकाने आठ क्विंटल काढले, दुसऱ्याने सात. पहिला वरचढ दिसतो. पण पहिल्याने दोन पोती खत आणि बाहेरची मजुरी घातली, दुसऱ्याने एकच पोते आणि घरचे हात. आता सांगा, कोण वरचढ? नुसती पोती मोजून याचे उत्तर मिळत नाही. घातले किती आणि त्यातून निघाले किती, हे पाहावे लागते. फॅरेल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये याचे माप सांगितले. त्याचे सार आपल्या भाषेत असे, की शेतकऱ्याची तुलना पुस्तकातल्या आकड्याशी करू नका. तेवढ्याच साधनांत ज्याने सर्वांत जास्त पिकवले, त्या शेतकऱ्याशी करा.

१९६४ मध्ये थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन पंडिताने एक पुस्तक लिहिले. त्याला पुढे १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या उत्तर प्रदेशातल्या सेनापूर गावाचा दाखला देऊन त्याने म्हटले, की गरीब शेतकरी अडाणीपणाने साधने उधळत नाही. हाताशी जे आहे, त्याचा तो हिशेबाने वापर करतो. तो गरीब राहतो, कारण हाताशी असलेलेच थोडे आणि जुने असते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

शुल्ट्झचे म्हणणे सगळ्यांना पटले असे नाही. मलाही ते अर्धेच पटते, कारण एकाच शिवारात, एकाच पावसात दोन खाचरांमधला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो कशाने पडतो, हे मला एका कांद्याच्या वाफ्यावर कळले. इगतपुरीकडचे एक जोडपे लागवडीला आले होते. घरी तीस गुंठे भात. मी विचारले, "बाबा, रोप किती दिवसांचे लावले?" ते म्हणाले, "भाऊसाहेब, एकवीस दिवसांचं लावावं, हे आम्हाला ठाऊक हाय. पण रोप एकवीस दिवसांचं झालं तवा बैल दुसऱ्याच्या आवणीत. ट्रॅक्टरचा नंबर लागला तवा रोप सव्वा महिन्याचं झालं."

जून रोपाला फुटवे कमी येतात, हे त्यांना मी शिकवायचे राहिले नव्हते. ज्ञान होते, बैल नव्हते. म्हणून सांगतो, लहान शेतकऱ्याचे उत्पन्न बरेचदा वाट पाहण्यात जाते. चिखलणीचे अवजार गावात आठ दिवस आधी मिळाले, तर कित्येक खाचरांचे उतारे एकाही जादा पोत्याशिवाय सुधारतील.

दुसरा फरक पद्धतीचा. डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी चारसूत्री पद्धत बसवली. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात घालायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवून चूड लावायचे, आणि दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबायची. गुंठ्याला सुमारे सव्वासहाशे गोळ्या लागतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत. उभ्या पाण्यात युरिया फेकला, तर त्यातला निम्म्याहून अधिक नत्र हवेत आणि वाहत्या पाण्यात जातो. तोच चिखलात दाबला की मुळांजवळ टिकतो. खत कमी, दाणा अधिक. यालाच क्षमता वाढणे म्हणतात.

पण त्या बाबांच्या कारभारणीने वाफ्यातून मान वर करून विचारले, "गोळ्या दाबायला वाकायचं कुणी? माझे दिवस कोणत्या वहीत लिहिता, भाऊसाहेब?"

हा प्रश्न चांदवडला नवा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन येथेच भरले, तेव्हा जमलेल्या हजारो बायांनी शेतातल्या आपल्या कष्टांचा हिशेब मागितला होता. सरकारी कृषी मूल्य आयोगाच्या खर्चाच्या हिशेबात घरच्या मजुरीचा रकाना असतो. आपल्या घरच्या वहीत मात्र तो नसतो. मग घरच्या तिघांचे चाळीस दिवस फुकट धरून आपण म्हणतो, "नफा झाला." ते दिवस मांडले, तर कुठे नफा आहे आणि कुठे नुसती ओढाताण, ते उघडे पडेल. एखादी नवी पद्धत आली, तर ती किती क्विंटल वाढवते याबरोबर कोणाची किती कंबर वाकवते, हेही विचारायला हवे.

आता आपल्या कांद्याकडे या. यंदा एक काम करा. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या हाती एक वही द्या. रोप टाकल्याची आणि लावल्याची तारीख, खताची पोती, पाण्याच्या पाळ्या, बाहेरची मजुरी, आणि घरच्या प्रत्येकाचे दिवस तिला लिहायला सांगा. आईचे आणि आजीचे दिवसही. काढणीला एक गुंठा दोरी लावून वेगळा काढा व तोलून घ्या. शेजारच्या चार घरांनी हेच केले, तर एका संध्याकाळी वह्या शेजारी ठेवून बसा. कोणाचा उतारा जास्त आला हे पाहू नका. तेवढ्याच पाण्यात, तेवढ्याच पोत्यांत, तेवढ्याच दिवसांत कोणाचा जास्त आला, ते पाहा. मग त्याला विचारा, लागवड कोणत्या तारखेची? खत कधी दिले, कसे दिले?

आणि ज्याचे कमी आले, त्याला हसू नका. त्याला विचारा, "तू कशाची वाट पाहत होतास?" बैलांची, विजेची, की उसन्या पैशांची? पुढच्या साली ती वाट चौघांनी मिळून कमी करता आली, तर माझ्यासारख्याच्या दहा भाषणांपेक्षा ते काम मोठे होईल.