सांध्यातला गाळ

टाइल पुसली की लख्ख होते. दोन टाइलांमधला सांधा होत नाही. टाइलवर काचेसारखा थर असतो, पाणी त्यावरून घसरतं. सांध्यातलं सिमेंट मात्र पाणी पितं, आणि पाण्याबरोबर जे येईल तेही.

आमच्या सायखेड्यात ऑगस्ट २०१९ मध्ये गंगा घरात आली. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. नाशकात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं हे विचारत इथे सामान माळ्यावर जातं.) पाणी ओसरलं, टाइला एका दुपारी स्वच्छ झाल्या. स्वयंपाकघरातल्या भिंतीचे सांधे मात्र ओट्याच्या वर दुसऱ्या ओळीपर्यंत तपकिरी राहिले, त्यावर पांढरे.

यंदा दिवाळीआधी मी ते काढायला बसले. दुकानदाराने ॲसिड पुढे केलं. नको म्हटलं. ॲसिड डागाबरोबर सिमेंटही खातं. शिवाय ते ब्लीचिंग पावडरीवर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. संडास धुताना लोक बिनधास्त दोन्ही एकदम ओततात, म्हणून सांगतेय.

खायचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन घासलं. तेलकटपणा गेला, गाळ हलला नाही. मग करवतीच्या पात्याच्या तुकड्याने दोन-तीन मिलिमीटर खरवडायला घेतलं, टाइलची कड सांभाळत. चार तासांत दोन हात भिंत झाली. नवं ग्राउट रबरी पट्टीने तिरकं ओढायचं. सरळ ओढलं तर पट्टी सांध्यात बुडून भरलेलं उपसून आणते.

दाराजवळच्या उभ्या सांध्याला पातं लावलं तशी आई म्हणाली, "तेवढा राहू दे."

"का गं?"

"पिठाचे डबे कुठवर ठेवायचे, ते कशावरून कळणार मला?"

बाबा गेल्यापासून ती इथे एकटी असते. मी पुण्यात. पाणी सोडल्याचा निरोप रात्रीही येतो.

"पेन्सिलने खूण करते."

"पेन्सिल पुसते."

तो सांधा तसाच ठेवला. दोन दिवसांनी ग्राउट वाळलं, तर खालचं नवं वरच्या जुन्यापेक्षा जास्तच पांढरं. पुराची रेघ भिंतभर उलटी उमटली. आईने ती पाहिली आणि सातबाऱ्याची पिशवी आणखी एक फळी वर ठेवली.