गादंकीचा हिरवा किरण

बालाजीच्या दर्शनाला आपल्याकडून दरवर्षी हजारो माणसे जातात. दर्शन झाले, लाडू पिशवीत पडला, की परतीच्या गाडीची घाई. पण तिरुपतीहून चित्तूरच्या रस्त्याला लागले, की गादंकी नावाचे खेडे लागते. त्या मुलखात टेकड्या, आंब्याच्या बागा, भुईमूग आणि ऊस. मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर, परतीच्या मोसमात. अशा ह्या गावी आभाळाची मोजदाद करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. २००५ पासून तिला राष्ट्रीय वातावरणीय संशोधन प्रयोगशाळा म्हणतात.

१९९८ मध्ये जपानच्या सहकार्याने येथे लायडर नावाचे यंत्र बसले. खोल विहिरीत खडा टाकला, की आवाज किती वेळाने आला त्यावरून आपण खोली ताडतो. हेही तसेच. फक्त विहीर उलटी, आणि खड्याच्या जागी उजेड.

रात्री लेसरचा हिरवा किरण सरळ वर सोडतात, सेकंदाला अनेक वेळा. वाटेत धूळ, धूर, ढगातले हिमकण भेटतात. त्यांच्यावर आपटून थोडा उजेड खाली परततो. तो दुर्बिणीने टिपतात. पंधरा किलोमीटर उंचीवर जाऊन परतायला त्याला सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो! लागलेल्या वेळेवरून उंची कळते, परतलेल्या उजेडावरून तेथे कण किती असावेत ते. तीस किलोमीटरच्या वर धूळ फारशी नसतेच. तेथे नुसत्या हवेवरून परतलेल्या उजेडातून तापमानाचा हिशेब काढतात.

मग उद्या पाऊस पडेल का? ते हे यंत्र सांगत नाही. दाट ढगातून किरण पार होत नाही, पावसात तर यंत्र बंदच. तेव्हा शेजारचे १०२४ अँटेनांचे रडार वाऱ्याचा माग काढते.

तरीही शेतकऱ्याचा ह्याच्याशी संबंध आहे. डोळ्यांना न दिसणारे विरळ हिमढग फार उंचावर पसरतात आणि जमिनीची ऊब घोंगडीसारखी अडवून धरतात. धुराचे थर ऊन शोषून भोवतालची हवा तापवतात. ह्या उष्णतेच्या चढउतारावरच वारे आणि मोसम हलतात. हवामानाचा अंदाज गणिताने काढतात, आणि ते गणित खरे की खोटे हे अशा मोजलेल्या आकड्यांवर ताडून पाहावे लागते. जुन्या माणसांना पावसाची लक्षणे कळत, ती वर्षानुवर्षे आभाळ पाहिल्यामुळे. गादंकीत तेच पाहणे आकड्यांत उतरले आहे.