अठ्ठावीस ऑगस्टची सुट्टी

दिवाळीआधी जिना रंगवायचा असं बडोद्यातल्या आमच्या सोसायटीत ठरलं. रंगारी पत्र्याने भिंत खरवडू लागला आणि पोपड्यांतून विश्वामित्री नदीच्या गाळाचा वास आला. पुराची तपकिरी रेघ तासाभरात गेली. ती पुसायची एवढी घाई का, याचा राग मला अजून आहे.

२०२४ची जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती. पाऊस थांबेना, आजवा धरण भरलं, आणि धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून नदी दोन दिवसांत ३५ फुटांच्याही वर गेली. वीज गेलेली. वरच्या मजल्यावरच्या मासी टॉर्च घेऊन जिन्यात बसल्या होत्या. प्रत्येक पायरीच्या कडेला त्यांनी खडूने खूण केली होती. पाणी खुणेला टेकलं की हळूच म्हणायच्या, “हजी एक गई,” आणखी एक गेली. खाली पार्किंगमध्ये स्कूटर एकमेकींवर आपटत होत्या. नदीतली मगर आत शिरली असेल या धास्तीने कुणी उतरेना.

मोरबीत ११ ऑगस्टला दुपारी सव्वातीनला भोंगे वाजतात. १९७९ साली मच्छू धरण फुटलं, ती तारीख त्या गावाने धरून ठेवली. किल्लारीत भूकंपाचा ३० सप्टेंबर कुणाला सांगावा लागत नाही. कच्छचा भूकंप मात्र २००१च्या २६ जानेवारीला झाला. अंजारमध्ये प्रभातफेरीला निघालेली मुलं गल्लीत गाडली गेली. पण तो दिवस आधीच झेंड्याचा. दुःखाला कॅलेंडरात वेगळी जागा उरली नाही. आमच्या पुराचंही तेच झालं. उपास, पारणं, मग साफसफाई, मग कामाला.

माझ्या आजेसासूबाई घरातल्या मुलांची वयं १९२७च्या रेलवरून, म्हणजे पुरावरून, सांगायच्या: हा रेलच्या आधीचा, ती नंतरची. आता तसं कोण सांगतं? २०१९च्या पुरात गळ्याएवढ्या पाण्यातून टबातलं बाळ डोक्यावर घेऊन निघालेला फौजदार सगळ्या देशाने पाहिला. फोटो लक्षात राहिला, तारीख गेली.

मासी आता सुरतेला लेकाकडे असतात. पावसाळ्यात फोन आला की आधी नदीची चौकशी करतात, मग माझी. त्यांचं ते “हजी एक गई” मला भर उन्हाळ्यातही जिना चढताना ऐकू येतं.

पुराच्या आठवणीची सुट्टी दिली तर लोक पावागढला फिरायला जातील, असं म्हणतात. खुशाल जावं. ही नदी तिथेच उगम पावते. तिथून खाली बघितलं की कळेल, एवढं पाणी उतरतं आणि शहरात त्याच्या वाटेवरच्या कोतरांत, म्हणजे घळींत, आपण भराव टाकून ठेवलेत. शाळा का बंद, असं मूल विचारेल, तेव्हा घरात कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल. मला एवढंच हवं आहे.

सरकारने २८ ऑगस्ट ही बडोद्यापुरती स्थानिक सुट्टी जाहीर करावी. आणि नदीच्या वाटेतला किती भराव वर्षभरात निघाला, याचा हिशेब महापालिकेने दरवर्षी त्याच दिवशी लोकांसमोर मांडावा.