ताडपत्रीखालची फियाट

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस खकनारमधील एका वृद्ध शेतकऱ्याच्या समाचाराला गेलो होतो. गोठ्यालगत ताडपत्रीखाली एक जुनी मोटार उभी होती. नातू म्हणाला, "फादर, ही अँबॅसिडर उद्या भंगारात जाणार." खाटेवरून आजोबा क्षीण स्वरात म्हणाले, "अँबॅसिडर नव्हे रे, फियाट." नातवाने लक्ष दिले नाही.

माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवीत. त्यामुळे मी ताडपत्री उचलल्यावाचून राहिलो नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही काही खात्रीची खूण नव्हे. तो अँबॅसिडरलाही असे. परंतु अँबॅसिडर अंगाने गोलसर व थोराड, आणि ही आटोपशीर, मागे दोन्ही बाजूंस पत्र्याचे पंख उचललेली. फियाट निश्चित!

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अशा गाड्या तयार होत. १९५० च्या दशकातील फियाट ११०० ला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. तिचे पुढचे दरवाजे उलट्या दिशेने उघडत. १९६४ साली 'डिलाइट' आली. तीच गाडी फियाटचे नाव सुटल्यावर प्रथम 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. या गाडीच्या मागील पत्र्यावर 'डिलाइट' ही झिजलेली अक्षरे मला सापडली.

बॉनेट उघडले आणि मी थबकलो. डिलाइटचे इंजिन १,०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे. येथे मात्र ना कार्बोरेटर, ना स्पार्क प्लगच्या तारा; पंपापासून निघालेल्या पोलादी नळ्या तेवढ्या दिसत होत्या. इंजिन डिझेलचे होते. कारखान्याने १९९० च्या दशकात डिझेलची पद्मिनी काढली खरी. पण ही गाडी त्याहून कितीतरी जुनी.

आजोबांना विचारले. ते म्हणाले, "पेट्रोल परवडेना, फादर. कर्ज डोक्यावर होते. काळीज काढून दिल्यासारखे वाटले. पण जुने इंजिन विकले नाही."

"कोठे आहे?" नातवाने प्रथमच विचारले.

धान्याच्या खोलीत, पोत्यांमागे, तेल लावून गोणपाटात गुंडाळलेले ते इंजिन आम्हांला मिळाले. नातू त्याच्यापाशी उकिडवा बसला आणि आजोबांना एकेक प्रश्न विचारू लागला. भंगारवाल्याला त्याने उद्या येऊ नका, एवढेच कळविले. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही.

परतताना मात्र मी अस्वस्थ होतो. वयोमर्यादेमुळे वडिलांची काळी-पिवळी पद्मिनी मोडीत निघाली, त्या दिवशी त्यांनी मला बोलाविले होते. मी नुकताच धर्मगुरू झालो होतो. कामाचे निमित्त सांगून गेलो नाही. ज्या गाडीच्या कमाईवर माझे शिक्षण झाले, तिला त्यांनी एकट्याने निरोप दिला. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हाही त्यांच्याजवळ मी तो विषय काढला नाही.

त्या रात्री त्यांना फोन केला आणि म्हणालो, "बाबा, आपल्या टॅक्सीचे इंजिन पहिल्यांदा कधी खोलले होते?"

क्षणभर पलीकडे शांतता होती. मग ते बोलू लागले. तासभर मी फक्त ऐकत होतो.