पांढरी दोन

मोटरचं झाकण उघडलं आणि कॉम्युटेटर चॉकलेटी निघाला. काळा पडला असेल, हिरवा गंज चढला असेल, या तयारीनेच टॉर्च आत धरला होता. पण ब्रश घासतात त्या पट्ट्यात तांब्यावर एकसारखी, किंचित चमकणारी तपकिरी कांती होती. वर्षानुवर्षं हात फिरलेल्या जात्याच्या खुंट्यावर येते तशी. शिरोलीतल्या एका बंद शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा असलेला हा एनसी लेथ भंगाराच्या भावात आमच्याकडे आला. त्याच्या बेडचा, बॉलस्क्रूचा, कंट्रोलचा विचार नंतर झाला. आधी आम्ही हा रंग बघत बसलो.

"त्याला पॉलिश पेपर लावू नगा," वाइंडिंगवाले मामा म्हणाले. साखर कारखान्यांच्या सेंट्रिफ्यूगलच्या डीसी मोटरी भरण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. "त्यो रंग हाय तवर मोटर हाय."

तांब्याचा ऑक्साइड, ब्रशमधून झिजून आलेलं ग्रॅफाइट आणि हवेतला ओलावा या तिघांचा मिळून तो थर बनतो. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंचावरून उडू लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरांचे ब्रश बघता बघता झिजून भुकटी व्हायला लागले. वरच्या कोरड्या हवेत थर धरेचना. पावसाळ्यात वर्कशॉपमधल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर तांबेरा चढतो म्हणून आपण कुरकुरतो. कॉम्युटेटरला तीच ओल हवी असते. आणि तो थर वाचता येतो. ठरावीक अंतराने पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर वाइंडिंगकडे बघायचं, गोल रेघा उमटल्या असतील तर धुळीकडे, कडा जळल्या असतील तर ब्रशच्या जागेकडे. आमच्या मोटरवर यातलं काहीच नव्हतं. पूर्वी हे मशीन चालवणाऱ्या कोणीतरी ते मनापासून सांभाळलं होतं. पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर बॉलपेनने कंट्रोलचे सगळे पॅरामीटर उतरवून ठेवणाराही बहुधा तोच असावा. बॅटरी मेली होती, मेमरी कोरी होती. तो कागद नसता तर हा लेथ खरंच भंगार ठरला असता. त्या माणसाचं नाव कुठेच नाही. त्याचा एक मात्र असा वळणदार आहे, की 7 आणि 1 यांत कधीच घोटाळा झाला नाही.

"डीसी मोटर काढून टाका, एसी आणि व्हीएफडी बसवा," असं सांगणारे पुष्कळ भेटले. सल्ला चुकीचा नाही. ब्रश बदलावे लागत नाहीत, कार्बनची काळी पूड उडत नाही. पण जिचं दुखणं डोळ्यांना दिसतं आणि हाताने दुरुस्त होतं, ती मोटर धडधाकट असताना काढून टाकायची, हे मला पटत नाही. शिवाय अगदी कमी वेगातही ती ज्या ताकदीने जॉब ओढते, ते एकदा बघण्यासारखं आहे.

मामांनी हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घासून पातळ केला आणि पट्ट्यांमधला अभ्रक एकेक खाच करत खाली घेतला. कार्बनची पूड हवेच्या नळीने उडवू दिली नाही. ती वाइंडिंगमध्ये जाऊन बसते. ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढून घेतली. मेगर लावला तेव्हा इन्सुलेशन कमी दाखवत होता. मग मोटरच्या पोटात दोनशे वॉटचे बल्ब लावून वर गोणपाट टाकलं आणि काटा वर चढायची वाट बघितली. नवे ब्रश बसवताना कॉम्युटेटरवर काचपेपरची पट्टी गुंडाळून, ब्रशच्या तळाला तीच गोलाई येईपर्यंत ती मागेपुढे ओढली. हे काम मला फार आवडतं. त्यात घाई चालत नाही आणि झालं की कळतं.

वीज द्यायची वेळ आली तेव्हा मामांचा एकच नियम: आधी फील्ड, मग आर्मेचर. आर्मेचर चुंबकीय क्षेत्रात फिरू लागलं की स्वतःच व्होल्टेज तयार करतं आणि ते आलेल्या विजेच्या विरुद्ध उभं राहतं. या दोघांचं जवळजवळ जमतं तिथे वेग ठरतो. म्हणजे मोटर स्वतःच्या फिरण्यानेच स्वतःला आवर घालते. विजेच्या सगळ्या शास्त्रात मला हा नियम सर्वात सुंदर वाटतो. फील्ड कमी केलं तर तेवढंच व्होल्टेज करायला तिला जास्त जोरात फिरावं लागतं; लेथचे वरचे वेग याच युक्तीने मिळतात. पण फील्ड गेलंच तर आवर घालणारं कोणी उरत नाही आणि बिनलोड आर्मेचर फुटेपर्यंत पळतं. म्हणून फील्डचा रिले आधी तपासला. वेग मोजणाऱ्या टॅकोची तार उलटी पडली तरी मोटर अशीच सुटते, म्हणून ड्राइव्हला जोडण्याआधी डिमरस्टॅटने थोडंसं व्होल्टेज देऊन मीटरवर अधिक-उणे बघून घेतलं.

आणि मग ड्राइव्ह गायला लागला.

आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड सेकंदाला शंभरदा थरथरतं. सहा थायरिस्टर असलेला ड्राइव्ह त्याच तीन फेजमधून सेकंदाला तीनशे लाटा काढून मोटरला देतो, आणि मोटर तो तीनशेचा सूर अंगातून बाहेर टाकते. पेटी घेऊन बसलं की कळतं: शंभर म्हणजे मंद्रातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, तीनशे म्हणजे पांढरी दोनच्या किंचित वर, आणि दोन्ही सारखेच किंचित. पांढरी पाच षड्ज धरली तर पांढरी दोन तिचा पंचम. इथून जवळच मिरजेला पिढ्यान् पिढ्या तंबोरे घडतात. त्या तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचं षड्जाशी जे नातं, तेच या मोटरचं शेडच्या कोपऱ्यातल्या ट्रान्सफॉर्मरशी. हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. बटण दाबलं आणि ऐकू आलं.

कंट्रोलला काळ्या कागदी टेपचा रीडर आहे, इंचभर रुंद, आठ ओळी भोकांच्या. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीच्या जॉन पार्सन्सला हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आकार अचूक हवा होता. 1949 साली अमेरिकी हवाई दलाचं काम त्याला मिळालं, एमआयटीची सर्व्हो प्रयोगशाळा त्यात आली, आणि 1952 मध्ये भोकांच्या टेपवरून मिलिंग मशीन चाललं. तिथून आमच्या रीडरपर्यंतची गोष्ट मोठी आहे. मला त्यातलं एवढंच सांगायचं आहे, की टेपच्या प्रत्येक आडव्या रांगेत भोकाची एक जागा फक्त चूक पकडण्यासाठी असते. एका पद्धतीत रांगेतल्या भोकांची संख्या नेहमी विषम, दुसरीत नेहमी सम. एखादं भोक बुजलं किंवा जास्तीचं पडलं तर मशीन पुढे सरकतच नाही.

पहिला जॉब साधा घेतला. शंभर मिमीच्या गोल सळईचं तोंड घासायचं. जी 96 लावलं की पृष्ठभागाचा वेग कायम राहतो, म्हणजे टूल मध्याकडे सरकेल तसा स्पिंडल आपोआप वेग वाढवतो. मिनिटाला दीडशे मीटर धरले तर बाहेरच्या कडेला 477 फेरे. आत आत जाताना ते वाढत जातात आणि अगदी मध्याशी गणिताप्रमाणे अनंत व्हायला हवेत, म्हणून दोन हजारांची मर्यादा घालून ठेवली. म्हणजे मोटरचा फिरण्याचा आवाज एका दमात दोन सप्तकांहून थोडा जास्त चढला, एकही पायरी न घेता. गिअरच्या लेथवर वेग टप्प्याटप्प्याने बदलतो. इथे अख्खी मींड होती. आणि ती ऐकताना मला ठाकुर्ली आठवलं.

मे महिन्याच्या सुट्टीत तिथे मावशीकडे जायचो. तिच्या खिडकीतून चोळे पॉवरहाऊसच्या चिमण्या दिसायच्या. काका रेल्वेत होते आणि मला नेहमी मोटरकोचमध्ये बसवायचे, बरोबर मोटरच्या डोक्यावर. स्टेशन सुटताना पायांखाली आधी खट् व्हायचं, मग घुमणं, पुन्हा खट्, आणि घुमणं वर चढायचं. काका बोटांनी मांडीवर मोजून दाखवायचे: हा एक रोध गेला, हा दुसरा गेला, आता मोटरी एकीमागून एक जोडलेल्या आहेत, आता बघ, आणि गाडीला बारीक धक्का बसायचा, आता शेजारी शेजारी झाल्या. मुलुंडपर्यंत आम्ही दोघं काही बोलायचो नाही. शेजारची माणसं पेपर वाचत, डुलक्या घेत. त्यांच्या पायांखाली दीड हजार व्होल्ट डीसीचा एवढा मोठा खेळ चालला होता आणि मी एकटाच श्रीमंत होतो. काका सांगायचे, की 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटीहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी गेली, हार्बरच्या वाटेने, आणि पुढे गाड्यांना वीज पुरवायला जीआयपी रेल्वेने चोळ्याचं पॉवरहाऊस बांधलं. डीसी हळूहळू हटली. पश्चिम रेल्वेवरून 2012 मध्ये गेली. शेवटची डीसी लोकल 2016 च्या एप्रिलमध्ये धावली, तीही कुर्ला आणि सीएसटीच्या मध्ये, हार्बरवरच. काका ते बघायला नव्हते. असते तर नक्की मोटरकोचमध्ये बसले असते.

गाडीच्या मोटरी वेगळ्या प्रकारच्या. त्यांचं फील्ड आर्मेचरच्याच मालिकेत, म्हणून उठताना प्रचंड जोर. आणि लोड नसेल तर त्याही पळत सुटतात, पण गाडीला लोड कायम बांधलेलाच असतो. घाटात तर आणखी गंमत. बोरघाट उतरताना जुनी इंजिनं मोटरींचे जनरेटर करत आणि वीज तारेत परत सोडत. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात द्यायची.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते ब्रशचे स्प्रिंग तपासत होते. "आन् चढणारी गाडी नसंल तर?" त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. सबस्टेशनात रोटरी कन्व्हर्टर असेल तर तो उलटाही चालतो, वीज मागे ढकलतो. पाऱ्याचा साधा रेक्टिफायर ते करू शकत नाही. आमचा ड्राइव्ह करू शकतो. स्पिंडल थांबवताना मोटर जनरेटर होते आणि फिरत्या चकची ताकद महावितरणच्या तारेत परत जाते. मात्र नेमकी त्याच क्षणी लाइट गेली तर थायरिस्टरला बंद व्हायला आधार राहत नाही आणि फ्यूज उडतो. म्हणून मामांनी पॅनेलमध्ये फास्ट फ्यूजचा एक जादा संच टांगून ठेवला आहे, आणि लाइटचा भरवसा नसेल त्या दिवशी ते स्पिंडल ब्रेक न लावता नुसता घरंगळू देतात.

त्यांना आता घाट बघायचा आहे. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या गाडीत, इंजिनाच्या शक्य तितकं जवळ. दसऱ्याच्या आसपास जाऊ म्हणतात, तोवर लेथच्या इंडेक्सिंग टरेटचं काम उरकलं पाहिजे.